भट्टीवरची नानकटाई

शिरूरला आम्ही अजून घोडनदीच म्हणतो. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत येथे इंग्रजांची छावणी होती. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि तिकडे दौंड जंक्शन बनले. पलटण अन् आगगाडी यांच्या मागोमाग पावाची भट्टी आपल्याकडे गावोगाव पोचली.

आमच्या घरी मात्र चूल. तिच्यावर चकली-करंजी तळावी. नानकटाई भाजणार कशी? आई तूपसाखर फेसून पीठ मळून देई आणि आम्ही भावंडे भट्टीवर रांग लावीत असू. मावशी दौंडला रेल्वेच्या चाळीत राही. तिचे फराळाचे ताट दिवाळीत शेजारच्या ख्रिस्ती घरी जाई. नाताळात तेच ताट केक घेऊन परत येई.

पुढे घराची दुरुस्ती निघाली. वडिलांनी चूल काढून ओटा बांधला. आजी एवढेच म्हणाली, "अरे, आता थंडीत मी बसू कुठे?" वडील गप्प राहिले. त्या हिवाळ्यात तिच्यासाठी शेगडी आणली. पण चुलीभोवती बसणारे आम्ही सारे पांगलो होतो.

यंदा घरात ओव्हन आहे. तरीही पीठ घेऊन आम्ही भट्टीवरच गेलो. रांगेत चार शेजारी भेटले.