चायनीज सुपर लीग

चीनमधील पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च साखळी स्पर्धा. स्थापना २००४. स्पर्धेत १६ संघ असतात. प्रत्येक संघ इतर संघांशी एकदा घरच्या व एकदा बाहेरच्या मैदानावर खेळतो आणि तळाचे संघ दुसऱ्या श्रेणीत उतरतात. २०११ नंतरच्या सहा-सात वर्षांत येथील क्लबांनी परदेशी खेळाडूंवर ओतलेल्या पैशामुळे ही लीग जगभर गाजली. २०२० नंतर त्यांपैकी काही क्लब बंद पडल्यामुळे तिची चर्चा वेगळ्या कारणाने होऊ लागली.

पार्श्वभूमी : चीनमध्ये व्यावसायिक लीग १९९४ पासून खेळली जात होती. तिची पुनर्रचना करून २००४ मध्ये १२ संघांनिशी सुपर लीग सुरू झाली. पहिले विजेतेपद शेन्झेनच्या संघाने मिळवले. सट्टेबाजी आणि सामनानिश्चिती यांमुळे पहिल्या काही वर्षांत प्रेक्षकांचा विश्वास उडाला. २००९ पासून पोलिसांनी धरपकड सुरू केली. फुटबॉल संघटनेचे माजी प्रमुख शिए यालोंग व नान योंग यांना २०१२ मध्ये प्रत्येकी साडेदहा वर्षांची कैद झाली. २००२ च्या विश्वचषकात पंच म्हणून काम केलेले लू जुन हेही तुरुंगात गेले. याच प्रकरणात ग्वांगजौच्या क्लबला २०१० च्या सुरुवातीस दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले आणि थोड्याच दिवसांत ‘एव्हरग्रांड’ या बांधकाम समूहाने तो १० कोटी युआनला विकत घेतला.

महागड्या करारांचा काळ : ग्वांगजौ एव्हरग्रांडने एका हंगामात वरची श्रेणी परत मिळवली आणि २०११ मध्ये थेट विजेतेपद पटकावले. त्या वर्षी ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सकडून आणलेला अर्जेंटिनाचा दारिओ कोंका हा जगातील सर्वाधिक कमावणाऱ्या फुटबॉलपटूंपैकी एक ठरला. २००६ मध्ये इटलीला विश्वचषक जिंकून देणारे मार्चेल्लो लिप्पी २०१२ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. संघाने २०११ ते २०१७ अशी सलग सात विजेतेपदे मिळवली. २०१३ आणि २०१५ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगही जिंकली. २०१३ च्या संघात कोंका, एल्केसन व मुरिकी हे परदेशी त्रिकूट आघाडी सांभाळत होते, तरी कर्णधार झेंग झी आणि बचावफळीतले बहुतेक खेळाडू चिनी होते. झेंग झी त्या वर्षीचा सर्वोत्तम आशियाई फुटबॉलपटू ठरला.

हे यश पाहून इतर उद्योगसमूहही मैदानात उतरले. शांघाय शेनहुआने २०१२ मध्ये निकोला अनेल्का व दिदिए द्रोग्बा यांना आणले. मात्र दोघेही २०१३ च्या सुरुवातीस निघून गेले. अनेल्का पुढे २०१४ मध्ये मुंबई सिटीकडून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. चीन सरकारने २०१५ मध्ये फुटबॉल सुधारणेचा आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी लीगच्या प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क ८०० कोटी युआनला विकले गेले. २०१६ च्या हिवाळ्यात जिआंगसू सुनिंगने रामिरेस आणि आलेक्स तेशेरा यांना, तर ग्वांगजौने जॅक्सन मार्तिनेझला घेतले. तेशेरासाठी सुमारे ५ कोटी युरो मोजले गेले. पुढच्या हिवाळ्यात शांघाय एसआयपीजीने चेल्सीच्या ऑस्करसाठी सुमारे ६ कोटी युरो दिले. आशियाई क्लबाने तोवर मोजलेली ही सर्वांत मोठी रक्कम होती.

यांतले सगळेच सौदे सारखे ठरले नाहीत. ऑस्कर आठ हंगाम टिकला आणि त्याने संघासोबत २०१८, २०२३ व २०२४ अशी तीन लीग विजेतेपदे मिळवली. पाउलिन्योला ग्वांगजौने २०१५ मध्ये टॉटनहॅमकडून सुमारे १.४ कोटी युरोंना घेतले आणि २०१७ मध्ये बार्सिलोनाला ४ कोटींना विकले. याउलट शेनहुआकडे आलेला कार्लोस तेवेस वर्षभरात केवळ चार गोल करून बोका ज्युनियर्सकडे परतला. चीनमधला काळ म्हणजे आपल्याला सुट्टीच होती, असे तो नंतर उघडपणे म्हणाला.

निर्बंध : क्लबांचा हा खर्च तिकिटांच्या वा प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून भागत नव्हता. तूट मालक कंपनी भरून काढत असे. मोबदल्यात तिला स्थानिक प्रशासनाशी जवळीक आणि संघाच्या नावातून जाहिरात मिळे. पैसा देशाबाहेर जातो आणि स्थानिक खेळाडू मागे पडतात, असा आक्षेप घेऊन संघटनेने २०१७ पासून लगाम आवळला. एका सामन्यात तीनच परदेशी खेळाडू उतरवता येऊ लागले आणि सुरुवातीच्या अकरांत २३ वर्षांखालील एक चिनी खेळाडू सक्तीचा झाला. प्रशिक्षकांनी यातूनही पळवाट काढली. असा तरुण खेळाडू कागदोपत्री उतरवायचा आणि सामना रंगात येण्यापूर्वीच बाहेर बोलवायचा, असे प्रकार सर्रास घडले. म्हणून २०१८ मध्ये जितके परदेशी तितके तरुण खेळाडू वापरण्याची अट आली. साडेचार कोटी युआनपेक्षा महाग परदेशी खेळाडू घेतल्यास तेवढीच रक्कम युवा विकास निधीत भरण्याचा नियमही झाला. २०२० च्या अखेरीस वेतनमर्यादा कडक करण्यात आली : नव्या करारात परदेशी खेळाडूला वर्षाला कमाल ३० लाख युरो, चिनी खेळाडूला ५० लाख युआन. तसेच २०२१ पासून संघाच्या नावात कंपनीचे नाव वापरण्यास बंदी झाली.

पडझड : निर्बंध, महासाथ आणि बांधकाम क्षेत्रातील मंदी हे तिन्ही एकदमच आले. महासाथीमुळे वेगळ्या स्वरूपात झालेल्या हंगामात जिआंगसूने नोव्हेंबर २०२० मध्ये अंतिम लढतीत ग्वांगजौला हरवून पहिले विजेतेपद मिळवले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, विजेता म्हणून नवा हंगाम खेळण्यापूर्वीच, क्लबला टाळे लागले. त्याआधी २०२० मध्ये तियानजिन तियानहाय विसर्जित झाला होता. एव्हरग्रांड समूह २०२१ मध्ये परतफेडीत चुकला. ग्वांगजौ संघ २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि कर्ज न फेडता आल्याने जानेवारी २०२५ मध्ये त्याची नोंदणी संपली. देशातला सर्वांत यशस्वी क्लब असा इतिहासजमा झाला. भ्रष्टाचाराचे भूतही पुन्हा बाहेर आले. २०२४ मध्ये संघटनेचे माजी अध्यक्ष चेन शुयुआन यांना जन्मठेप, तर राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक ली तिए यांना २० वर्षांची शिक्षा झाली.

मूल्यमापन : २०१६ मध्ये सामन्यामागे सरासरी सुमारे २४ हजार प्रेक्षक येत, यावरून लीगने प्रेक्षक मिळवले हे उघड आहे. खेळाडू मात्र घडले नाहीत. परदेशी गोलरक्षकांना मनाई असल्याने क्लबांचा पैसा मुख्यतः आघाडीच्या फळीवर गेला आणि चिनी आघाडीपटूंची जागा आकसली. २०१८ मध्ये २७ गोल करून वू लेई सर्वाधिक गोल करणारा ठरला. एका दशकाहून अधिक काळानंतर हा मान चिनी खेळाडूला मिळाला होता. राष्ट्रीय संघ २००२ नंतर विश्वचषकासाठी पात्र ठरलेला नाही. २०१९ मध्ये ब्राझीलच्या एल्केसनला नागरिकत्व देऊन खेळवूनही त्यात फरक पडला नाही.

जपानच्या जे-लीगनेही १९९३ मध्ये झिको व गॅरी लिनेकर यांसारखी वलयांकित नावे आणूनच सुरुवात केली होती. परंतु तिने आरंभापासूनच संघांच्या नावांतून कंपन्यांना दूर ठेवले, क्लबांना युवा संघ बांधणे बंधनकारक केले आणि क्लब शहराशी जोडले. जपान १९९८ पासून प्रत्येक विश्वचषक खेळला आहे. सौदी अरेबियात २०२३ पासून सुरू झालेल्या खरेदीत अल हिलालने नेमारसाठी सुमारे ९ कोटी युरो मोजून ऑस्करचा विक्रम मोडला. तेथे प्रमुख चार क्लबांमागे बांधकाम कंपन्यांऐवजी सरकारी गुंतवणूक निधी उभा आहे. त्यामुळे मालक दिवाळखोरीत जाण्याची भीती कमी असली, तरी उत्पन्नाहून कितीतरी मोठा खर्च एकाच मालकाच्या मर्जीवर चालणे, हे चीनमधील मूळ दुखणे तेथेही कायम आहे.