दीड लिटरचा वाद

१९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबमध्ये एक सत्कारसमारंभ चालू होता. माइक हॉथॉर्न हा तरुण त्या वर्षी मोटारशर्यतींचा जगज्जेता ठरला होता. हा मान मिळविणारा तो पहिला इंग्रज. मोटार बनविणाऱ्या कारखान्यांसाठी त्याच वर्षी सुरू झालेला करंडकही व्हॅनवॉल या इंग्रज संघाने पटकाविला होता. इटली, जर्मनी आणि फ्रान्स यांच्या मागे वर्षानुवर्षे धावल्यानंतर इंग्रजांच्या वाट्याला आलेला हा दिवस. अशा वेळी शर्यतींचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे फ्रेंच अध्यक्ष ओगुस्तँ पेरूज उभे राहिले आणि त्यांनी १९६१ पासून लागू होणारे नवे नियम जाहीर केले. इंजिनाचे आकारमान अडीच लिटरवरून दीड लिटरवर येणार होते. गाडीचे वजन ५०० किलोग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये, असे बंधन पडणार होते. जमलेल्या मंडळींनी आपली नाराजी लपविली नाही.

दीड लिटर म्हणजे किती, हे आपल्याकडच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. आपल्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या धावलेल्या अँबॅसिडर गाडीचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, म्हणजे जवळपास तेवढेच होते. अर्थात तेवढ्याच आकारमानातून शर्यतीचा कारागीर तिप्पट शक्ती काढतो, हे खरे. तरीही अडीच लिटरच्या इंजिनाची २८० अश्वशक्ती अनुभवलेल्या चालकाला दीडशे अश्वशक्तीची गाडी देणे म्हणजे त्याच्या हातचे तट्टू काढून घेऊन खेळण्यातला घोडा देण्यासारखेच वाटणार.

परंतु ज्यांनी हा नियम केला त्यांच्या डोळ्यांसमोर काय होते, तेही पाहिले पाहिजे. १९५५ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक मर्सिडीज गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर अशा शर्यतींना बंदीच घातली. १९५७ साली इटलीतील मिल्ले मिलिया शर्यतीत टायर फुटून एक फेरारी रस्त्याकडेच्या लोकांवर गेली. गाडीतील दोघे आणि बाहेरची नऊ माणसे मेली. त्या नवांत पाच मुले होती. आणि १९५८ या एका हंगामात लुइजी मुस्सो, पीटर कॉलिन्स आणि स्टुअर्ट लुइस-इव्हान्स हे तीन नामांकित चालक गेले. लुइस-इव्हान्स तर व्हॅनवॉलचाच चालक. मोरोक्कोच्या शर्यतीत तो भाजला आणि समारंभाच्या काही दिवस आधीच त्याचे निधन झाले होते. म्हणजे ज्या संघाचा तेथे गौरव होत होता, त्याच्याच घरी सुतक होते. स्वतः हॉथॉर्नने शर्यतींचा संन्यास घेतला आणि जानेवारी १९५९ मध्ये तो साध्या रहदारीच्या रस्त्यावर मोटार अपघातात मरण पावला.

तेव्हा वेग कमी करा, हा आयोगाचा आग्रह समजण्यासारखा होता. प्रश्न एवढाच, की इंजिन लहान केल्याने वेग कमी होतो काय?

याचे उत्तर इतिहासात आधीच लिहून ठेवलेले होते. १९३४ पासून असा नियम झाला होता, की शर्यतीच्या गाडीचे वजन चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून ७५० किलोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. त्यामागील हिशेब सरळ होता. मोठे इंजिन जड असते. वजनाला आळा घातला की इंजिन आपोआप लहान राहील. परंतु जर्मनीच्या मर्सिडीज आणि ऑटो युनियन या कारखान्यांनी हलके मिश्रधातू वापरून सांगाड्याचेच वजन उतरविले आणि वाचलेले वजन इंजिनाला दिले. १९३७ च्या मर्सिडीजचे इंजिन साडेपाच लिटरच्याही वर गेले आणि त्याची शक्ती साडेपाचशे अश्वशक्तीच्या पुढे. वेगाला लगाम घालण्यासाठी केलेल्या नियमाने त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य गाड्या जन्माला घातल्या! ‘फॉर्म्युला’ या शब्दाचा अर्थच मुळी नियमांचे सूत्र असा आहे. ह्या खेळाचे नावच नियमावरून पडले आहे, हे विसरून चालत नाही.

असो. १९५८ च्या त्या घोषणेनंतर दोन वर्षांहून अधिक मुदत होती. या मुदतीत कोणी काय केले, ही हकीकत मला त्या सबंध कथेतली सर्वांत बोधक वाटते. इंग्रजांनी तक्रार केली. लहान इंजिनाच्या गाड्या निर्जीव होतील, संकटातून सुटण्यासाठी चालकाजवळ राखीव शक्ती उरणार नाही, कसबी आणि सामान्य चालक एकाच पातळीवर येतील, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु तक्रारीपाशी न थांबता त्यांनी तीन लिटरपर्यंतच्या इंजिनांसाठी ‘इंटरकाँटिनेंटल’ नावाची वेगळीच शर्यतमालिका उभी केली. आयोगाला शेवटी नमावे लागेल, अशी त्यांची अटकळ होती. आयोग वजनाच्या बाबतीत थोडा नमला, ५०० चे ४५० किलोग्रॅम झाले. इंजिनाच्या बाबतीत मात्र तसूभरही हलला नाही. वेगळी मालिका १९६१ साली इंग्लंडमध्ये मोजक्या शर्यती होऊन आटोपली.

इकडे इटलीत एंझो फेरारी यांनी निराळी वाट धरली. दुय्यम श्रेणीच्या शर्यतींसाठी त्यांच्याजवळ सहा सिलिंडरांचे दीड लिटरचे इंजिन होतेच. अभियंता कार्लो किती यांच्या देखरेखीखाली त्याची निगराणी चालू राहिली. घोडा गाडीच्या पुढे असावा, मागे नव्हे, असे म्हणणारे फेरारी आता इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवावयास तयार झाले. १९६० मध्येच त्या घडणीची गाडी जर्मनीत दुय्यम श्रेणीची शर्यत जिंकून आली. १९६१ चा हंगाम उजाडला तेव्हा फेरारीच्या नव्या इंजिनाची शक्ती १९० अश्वशक्तीच्या घरात होती, आणि इंग्रजांपाशी होते ते कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचे चार सिलिंडरांचे जुने इंजिन, सुमारे १५० अश्वशक्तीचे.

त्या हंगामात इंग्रजांची लाज राखली ती एकट्या स्टर्लिंग मॉसने. मोनाकोच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर उकाडा सोसेना म्हणून त्याने आपल्या लोटस गाडीच्या बाजूचे पत्रे काढून टाकले आणि शंभर फेऱ्यांची ती शर्यत फेरारींना मागे टाकून साडेतीन सेकंदांच्या फरकाने जिंकली. जर्मनीतही तोच जिंकला. कसबी आणि सामान्य चालक सारखे होतील, ही भीती त्याने एकट्याने खोटी ठरविली म्हणावयास हरकत नाही. बाकी हंगाम मुख्यतः फेरारीचा.

त्याच फेरारीच्या मुलुखात, मोंझा येथे, १० सप्टेंबर १९६१ रोजी व्हायचे ते झाले. जर्मन चालक वोल्फगांग फॉन ट्रिप्स जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी जिम क्लार्कच्या गाडीला लागली, बाजूच्या चढावर उडाली आणि जाळीच्या कुंपणालगत उभ्या असलेल्या लोकांवर गेली. फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शर्यत थांबविण्यात आली नाही. त्याचा सहकारी फिल हिल जिंकला आणि एका गुणाच्या फरकाने जगज्जेता झाला. या विजयाचा आनंद त्याला कधी घेता आला असेल असे वाटत नाही. अडीच लिटरच्या गाड्या माणसे मारतात म्हणून आणलेल्या दीड लिटरच्या गाड्यांच्या पहिल्याच वर्षी हे घडले. मोंझाचा दोष इंजिनाच्या आकारमानात नव्हता. माणसे धावत्या गाड्यांच्या हाताच्या अंतरावर उभी होती आणि मध्ये होती ती फक्त तारेची जाळी.

वेगाचे म्हणाल तर त्याचे आकडे नोंदलेले आहेत. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग म्हणून डोंगरातला मार्ग आहे; तेव्हा तो बावीस किलोमीटरांहून लांब होता. १९५७ साली अर्जेंटिनाच्या फान्जिओने अडीच लिटरच्या मासेराटीतून त्याची एक फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांत पुरी केली, तेव्हा जग थक्क झाले होते. १९६१ मध्ये सरावात फिल हिलने दीड लिटरच्या गाडीतून तीच फेरी ८ मिनिटे ५५.२ सेकंदांत घेतली. १९६५ मध्ये जिम क्लार्कने ती सरावात ८ मिनिटे २२.७ सेकंदांवर आणली. इंजिन दोन-पंचमांशाने लहान झाले आणि वेळ जवळजवळ मिनिटभराने कमी झाली! हे झाले कसे? शक्ती नाही म्हटल्यावर कॉलिन चॅपमनसारख्या कल्पक माणसाने गाडीचा देहच बदलला. १९६२ च्या त्याच्या लोटसला नळ्यांचा सांगाडा नव्हता. अंड्याच्या कवचासारखा पातळ पत्र्याचा एकसंध कोठा होता, आणि चालक त्यात जवळजवळ आडवा पहुडलेला. वाऱ्याला अडायला काही उरलेच नाही. टायर सुधारले, आठ सिलिंडरांची नवी इंग्रज इंजिने आली आणि ज्यांनी नियमाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज केला होता त्याच इंग्रजांनी १९६२, १९६३ आणि १९६५ ची विजेतेपदे नेली. हे त्यांना १९५८ पासून करता आले असते, असे म्हटले तर फारसे अन्यायाचे होणार नाही.

१९६६ पासून आयोगाने इंजिन तीन लिटरवर नेले. या वेळी इंग्रज खुशीत, तरी तयारीत पुन्हा कच्चे. एका इंग्रज कारखान्याने सोळा सिलिंडरांचे अवजड आणि गुंतागुंतीचे इंजिन बांधले, ते बहुधा शर्यत संपण्यापूर्वीच बसे. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम मात्र एका अमेरिकन मोटारीच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावरून मायदेशी तयार करविलेले साधे, तीनशे अश्वशक्तीचे इंजिन घेऊन आला आणि वयाच्या चाळिशीत, स्वतःचे नाव असलेल्या गाडीतून जगज्जेता झाला. त्याच नियमात एक कलम असे होते, की हवा दाबून भरणारा यांत्रिक भाता लावल्यास इंजिन दीड लिटरचे असावे. अकरा वर्षे त्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. १९७७ साली फ्रान्सच्या रेनोने ते उचलले. आरंभी तिची गाडी इतका धूर सोडी की लोकांनी तिला पिवळी किटली म्हणून हिणविले. दहा वर्षांच्या आत त्याच जातीची इंजिने हजार अश्वशक्तीवर गेली आणि १९८९ पासून ती बंद करावी लागली.

माणसांचे प्राण वाचविले ते निराळ्याच कलमांनी. १९६१ च्या ज्या नियमावलीवर दीड लिटरमुळे एवढे वादळ उठले, तिच्यातच चालकाच्या डोक्यामागे पोलादी कमान असावी आणि ब्रेकची यंत्रणा दुहेरी असावी, अशा दोन ओळी होत्या. त्यांच्याविषयी कोणी भांडले नाही आणि त्या कोणी मनावरही घेतल्या नाहीत. त्या काळातल्या छायाचित्रांत कमान बहुधा चालकाच्या डोक्यापेक्षा ठेंगणीच दिसते. १९६६ साली बेल्जियममध्ये पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी घसरून पडली आणि तो पेट्रोलने भिजलेल्या सापळ्यात अडकला. त्याला सोडविण्यासाठी ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोन प्रतिस्पर्ध्यांना एका प्रेक्षकाजवळून पाना मागून आणावा लागला. तेव्हापासून स्टुअर्टने पट्टे, कठडे आणि डॉक्टर यांच्यासाठी जो आग्रह धरला, त्याबद्दल त्याला भित्रा म्हणणारे लोकही निघाले. पुढे २०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमचे कडे सक्तीचे झाले, तेव्हा गाडीचे रूप गेले म्हणून असाच ओरडा झाला. २०२० साली बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फोडून दुभंगली आणि पेटली; त्या कड्याने कठड्याचा पत्रा त्याच्या डोक्यापासून दूर लोटला आणि तो अठ्ठावीस सेकंदांनी ज्वाळांतून आपल्या पायांनी बाहेर आला.

२०१४ साली १.६ लिटरचे इंजिन आणि त्याच्या जोडीला वीज आली, तेव्हा आवाज गेला म्हणून प्रेक्षक रुसले; मर्सिडीजने मात्र आधीपासून मन लावून तयारी केली होती आणि २०१४ ते २०२१ अशी ओळीने आठ वर्षे संघांचे विजेतेपद स्वतःकडे ठेवले. २०२६ च्या हंगामासाठी लिहिलेल्या नियमांच्या बाबतीतही तोच नाद कानी आला. इंजिनाचे नियम २०२२ च्या ऑगस्टमध्ये आणि गाडीचे २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाले. विजेच्या मोटरची शक्ती १२० किलोवॅटवरून ३५०, म्हणजे एकूण शक्तीचा जवळजवळ अर्धा हिस्सा विजेचा. गाडी रुंदीने दहा सेंटिमीटर आणि वजनाने बत्तीस किलोग्रॅम कमी. सरळ रस्त्यावर हलणारे पंख. आणि जमिनीतून न काढलेले इंधन. सरळ रस्त्यावरच विजेचा साठा संपून गाड्या मंदावतील, अशी धास्ती मॅक्स व्हर्स्टॅपन या जगज्जेत्याने २०२३ सालीच बोलून दाखविली होती. ऑडीसारख्या कारखान्याने त्याआधीच, नियम जाहीर होताच, आपण उतरणार असे सांगून कामाला आरंभ केला होता.

वाद पेटला तो विजेवरून आणि पंखांवरून. त्या नियमावलीत आणखी एक बदल आहे. चालकाच्या डोक्यामागील कमानीने पूर्वी गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट भार सोसावा, अशी अट होती. ती आता वीस पट करण्यात आली आहे.