सहा दिवसांची सृष्टि

जो सर्वशक्तिमान् आहे, त्याला वेळ कशाला लागावा? यहुदी लोकांच्या तोरा ग्रंथाच्या आरंभींच असें सांगितलें आहे कीं, ईश्वरानें सहा दिवसांत सृष्टि निर्माण केली व सातव्या दिवशीं विश्राम घेतला. पहिल्या दिवशीं प्रकाश, तिसऱ्या दिवशीं भूमि व वनस्पति, चवथ्या दिवशीं सूर्यचंद्र, आणि सहाव्या दिवशीं सर्वांच्या शेवटीं मनुष्य, असा हा क्रम आहे. जें केवळ इच्छेनें व्हावयाचें, तें टप्प्याटप्प्यानें कां झालें, या प्रश्नानें यहुदी पंडितांना जवळजवळ दोन हजार वर्षें विचार करावयास लाविलें आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींत फायलो नांवाचा यहुदी तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचें म्हणणें असें कीं, कर्त्याला कालाची गरज नव्हती. निर्माण होणाऱ्या वस्तूंना क्रमाची गरज होती.

सुमारें इ. स. २०० मध्यें संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत हाच प्रश्न पुन्हां येतो. जग दहा वचनांनीं निर्माण झालें; एका वचनानें झालें नसतें काय? त्याचें उत्तर असें कीं, दहा वचनांनीं निर्मिलेल्या जगाचा नाश करणाऱ्या दुर्जनांस शासन व्हावें आणि त्याचें धारण करणाऱ्या सज्जनांस फळ मिळावें, म्हणून. प्रश्न ईश्वराच्या शक्तीचा होता. उत्तर मनुष्याच्या कर्तव्याचें आलें. एका रात्रींत घातलेला मांडव मोडणें निराळें, आणि अनेक वर्षें खपून बांधलेला वाडा पाडणें निराळें. मनुष्य सर्वांच्या मागून कां आला, याचींहि कारणें ताल्मूदांत दिलीं आहेत. राजा आधीं वाडा बांधतो, पक्वान्नें सिद्ध करतो, मग पाहुण्यांस बोलावतो. पण पाहुणा गर्वानें फुगलाच, तर चिलटसुद्धां तुझ्या आधीं जन्मलें, असें त्यास सांगतां यावें!

कॉर्डोव्हा येथें ११३८ सालीं जन्मलेल्या व पुढें इजिप्तमध्यें वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीझनें या विचारास अधिक खोली आणिली. सर्व कांहीं एकाच क्षणीं उत्पन्न झालें व मग क्रमानें प्रकट झालें, असें तो म्हणतो. शेतकरी नाना प्रकारचें बीं एकाच वेळीं पेरतो. कांहीं एका दिवसानें उगवतें, कांहीं दोन, कांहीं तीन, हा दृष्टांत तो पूर्वाचार्यांच्या आधारें देतो. हीच रीति त्याला धर्माच्या इतिहासांतहि दिसली. मिसर देशांतून सुटलेल्या इस्रायलांस ईश्वरानें जवळच्या वाटेनें न नेतां रानांतून फिरवून नेलें. कारण काल चिखल तुडविणारा गुलाम आज योद्धा होऊं शकत नाहीं. तान्ह्या बालकास कोरडें अन्न पचत नाहीं, म्हणून आधीं दूध दिलें जातें. विलंब होतो तो देणाऱ्याच्या दुर्बलतेमुळें नव्हे, घेणाऱ्याच्या शक्तीकडे पाहून.

जग क्षणांत झालें असतें, तर आठवडा नसता आणि विश्रामाचा शब्बाथहि नसता. कोकणांतील बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यांना तोरा ठाऊक नव्हता. परंतु सहा दिवस काम आणि सातव्या दिवशीं थांबणें, ही त्या जुन्या कथेची शिकवण त्यांच्या डोळ्यांसमोर शतकानुशतकें पाळली जात होती.