तेलंगखेडीची तणयादी

१९११ साली नागपुरात एक यादी प्रसिद्ध झाली. ना ती धान्यांची होती, ना सारा भरणाऱ्यांची. नागपूर आणि तेलंगखेडी इथल्या सरकारी शेतांवर कोणी न पेरता जे उगवत होते, त्या वनस्पतींची ती नोंद होती. करणारे होते आर. जे. डी. ग्रॅहम, मध्य प्रांत सरकारचे इकॉनॉमिक बॉटनिस्ट. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ साली सुरू झाले होते आणि शेतकीचे संशोधन नुकते कुठे बाळसे धरू लागले होते. ग्रॅहम पुढे स्कॉटलंडला परतले आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. नागपुरात मात्र आज त्यांचे नाव फारसे कोणाला आठवत नाही.

त्या यादीचे मोल कळायला नकाशा पाहावा लागतो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने आला. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला हातात आलेली फांदी त्यातल्या वर्णनाशी ताडून पाहता येत असे. पण नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि कुकच्या ग्रंथाची सीमा नागपूरच्या अलीकडेच थांबली. इथल्या विद्यार्थ्यासमोर हूकरच्या वनस्पतिग्रंथाचे सात खंड होते, १८७२ ते १८९७ मध्ये निघालेले. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या त्या पसाऱ्यात आपल्या बांधावरचे एक झाड शोधायचे म्हणजे नवशिक्याची दमछाक. १८७४ चा ब्रँडिसचा ग्रंथ वायव्य आणि मध्य हिंदुस्थानातल्या जंगलांचा होता. वावरातल्या तणाकडे तो कशाला पाहील?

तणाकडे शेतकी खात्याला पाहावेच लागत होते. काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी एकदा रुजली की वरवरच्या वखरणीने जात नाहीत. जमिनीतले कोंब पुन्हा वर येतात. लव्हाळ्याच्या गाठी खाली तशाच राहतात. टारफुला तर ज्वारीच्या मुळांनाच चिकटून अन्नपाणी शोषतो आणि तो डोळ्यांना दिसेपर्यंत पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते. प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा. म्हणून आधी ओळख पक्की हवी.

वनखात्याची गरज निराळी होती. त्यांना इमारती लाकूड, डिंक, मोहफूल, चारोळी यांचा हिशेब हवा होता. १९१६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या वनविभागांसाठी एच. एच. हेन्स आणि डी. ओ. विट यांच्या वर्णनात्मक याद्या निघाल्या. ऐन, धावडा, सालई, रोहन, मोवई ही झाडे जंगलात राहणाऱ्या गोंडांना आणि वनरक्षकांना पानगळीतही सालीवरून ओळखू येत. ऐन तर गोंडांच्या बडा देवाचे झाड. साहेबाला वाट दाखवणाऱ्या, नाव सांगणाऱ्या या माणसांचे ऋण मोठे आहे आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर त्यांना जागा मिळाली नाही. हा अन्याय नोंदवलाच पाहिजे.

पुस्तकांच्या बाहेर दुसरी शाळा तर कधीच बंद पडली नव्हती. मृगाच्या सरी पडल्या की नागपूरच्या आसपासच्या बायका तरोटा, चिवळ, केना, कुंजर खुडायला निघतात, पुढे काटवल येते. लेकी-सुना बरोबर असतात आणि शिकणे खुडता खुडता होते. तरोट्याचेच पाहा. त्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात, त्यांची टोके बोथट असतात आणि त्या रात्री मिटतात. शेजारीच वाढणारा कासविंदा दिसायला त्याचा भाऊ. पण त्याच्या जोड्या चार-पाच, टोके अणकुचीदार आणि चुरगळला की उग्र दर्प. हा फरक कळणे जिवाशी निगडित आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या एका प्राणघातक आजाराचा संबंध कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी असल्याचे संशोधकांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले. ज्या घरात आजी रानात नेत होती, त्या घरातल्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

या दोन शाळांमध्ये ये-जा करणारा माणूस विदर्भाला लाभला. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिऱ्याच्या जंगलात राहिले आणि निवृत्तीनंतर दीर्घकाळ नागपुरात. रानातल्या माणसांकडून ऐकलेले शब्द त्यांनी वहीत टिपले, पारखले आणि ‘शब्दांचं धन’सारख्या पुस्तकांतून मराठीला दिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले.

नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ एन. आर. उगेमुगे यांनी सिद्ध केला, तो १९८६ साली. ग्रॅहमच्या यादीनंतर तब्बल पंचाहत्तर वर्षांनी! मधल्या काळात शिवारच पालटले होते. आज नागपूरच्या प्रत्येक मोकळ्या भूखंडावर माजलेले गाजर गवत पुण्यात आढळल्याची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्याची आहे. ग्रॅहमच्या शेतावर त्याचा उपद्रव नव्हता. जुनी यादी हातात असली की काय आले आणि काय गेले हे अंदाजाने नव्हे, नावानिशी सांगता येते. म्हणून साध्या याद्याही जपायला हव्यात.

हे काम अजून पुरे झालेले नाही आणि त्याला मोठा खर्चही लागत नाही. या पावसाळ्यात सेमिनरी हिल्स, गोरेवाडा किंवा आपल्याच गावच्या पांदणीने जाणत्या माणसाबरोबर फिरा. संरक्षित जागेत काही तोडू नका, तिथे फोटो पुरतो. बांधावरची फुलासकट एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबा, ओलसर कागद रोज बदला. शेजारी ठिकाण, तारीख, फुलाचा रंग आणि नाव सांगणाऱ्याच्या तोंडचे नाव लिहा. त्याची हरकत नसेल तर त्या माणसाचेही नाव लिहा. आणि वाळलेला नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला नेऊन द्या.