हलकी गाडी, भारी विद्या



आपल्या मराठीने 'हलका' आणि 'भारी' या दोन शब्दांच्या बाबतीत थोडा पक्षपातच केला आहे. वजनाने कमी ते हलके, आणि प्रतीने कमी तेही हलकेच. वजनदार ते भारी, आणि किमती, उत्तम असे जे जे काही तेही भारीच. लुगडे, भांडे, दागिना यांच्या बाबतीत हा न्याय एक वेळ चालून जाईल. परंतु मोटारगाडीच्या इतिहासात असे एक प्रकरण आहे, की ज्यात वजनाने हलक्या आणि किमतीने स्वस्त गाडीने भल्याभल्या भारी गाड्यांच्या कारखानदारांना विद्या शिकविली.

या प्रकरणाची आज आठवण होण्याचे कारण असे. मोटारीच्या शर्यतीसाठी बांधलेल्या बंद मार्गावर ठरावीक शुल्क भरून आपली गाडी मनमुराद चालविण्याची सोय आता पुष्कळ ठिकाणी आहे. तिला 'ट्रॅक डे' म्हणतात. तेथे कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. केवळ हौस आणि शिक्षण. या हौसेपायी घरची रोजची गाडी पणाला लावावी, की त्यासाठी एखादी स्वस्त, हलकी, दुसरी गाडी घ्यावी, हा प्रश्न हौशी मंडळींना पडतो. त्याचे उत्तर इतिहासात शोधू गेल्यास आपण थेट १९२२ साली इंग्लंडात जाऊन पोहोचतो.

पहिल्या महायुद्धानंतरचा तो काळ. हर्बर्ट ऑस्टिन यांचा लाँगब्रिज येथील कारखाना आर्थिक अडचणीत सापडला होता. १९२१ पासून इंग्लंडात मोटारीवरील वार्षिक कर इंजिनाच्या अश्वशक्तीवर आकारला जाऊ लागला, आणि मोठ्या इंजिनाची गाडी बाळगणे जड झाले. सामान्य कारकून आपल्या कुटुंबाला मोटारसायकलच्या बाजूगाडीत बसवून पावसात भिजत जाई. त्या माणसाला परवडेल अशी खरीखुरी मोटार करावी, असे ऑस्टिन यांनी मनावर घेतले. स्टॅन्ली एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या तरुणाला त्यांनी हाताशी धरले, आणि त्यातून 'ऑस्टिन सेव्हन' जन्मास आली. आरंभीच्या काळात तिची किंमत १६५ पौंड होती. वजन साधारण ३६० किलो. थोड्याच काळात तिचे इंजिन ७४७ घनसेंटिमीटरचे झाले आणि अखेरपर्यंत तेच राहिले. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या रस्त्यावर आल्या.

ही गाडी शर्यतीसाठी जन्मली नव्हती. ती बाजारहाटासाठी, चर्चला जाण्यासाठी, सुटीच्या सहलीसाठी होती. पण दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा एक चमत्कारिक योग जुळून आला. ब्रुकलँड्सचा प्रसिद्ध शर्यतमार्ग युद्धामुळे कायमचा बंद पडला होता. परंतु लष्करी विमानतळ ओस पडले होते. १९४८ साली गुडवुड आणि सिल्व्हरस्टोन येथील अशाच विमानतळांवर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. मार्ग मिळाले, पण पैसा कोणाजवळ होता? पेट्रोलवर नियंत्रण होते, ते १९५० साली उठले. नव्या गाड्या परदेशी निर्यात होत. हाताशी होत्या त्या केवळ जुन्या, अंग झिजलेल्या ऑस्टिन सेव्हन.

या गाड्यांच्या चाहत्यांनी १९३९ सालीच '७५० क्लब' स्थापन केला होता. त्याच क्लबाने, ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा आणि इंजिन घेऊन स्वतःच्या हातांनी शर्यतीची गाडी बांधावी, असा प्रकार १९५० च्या सुमारास रूढ केला. त्यात अट एकच: पैशाने नव्हे, अकलेने जिंकायचे. शिक्षक, शिकाऊ कारागीर, विद्यार्थी असले लोक घरामागच्या खोपटात रात्री जागून गाडीचे जुने अंग उतरवीत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे नवे चढवीत.

त्यांतीलच एक होता कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकत असता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करी. पेट्रोलचे शिधावाटप कडक होताच धंदा बसला, आणि न खपलेली एक ऑस्टिन सेव्हन त्याच्या पदरात राहिली. तिच्यावरच त्याने आपली पहिली गाडी बांधली. तिचे नाव 'लोटस'. १९५१ साली त्याने ७५० प्रकारासाठी आणखी एक गाडी तयार केली. ऑस्टिनच्या चार सिलिंडरांना पेट्रोल-हवेचे मिश्रण दोनच सामायिक वाटांनी मिळे. चॅपमनने त्या वाटांत पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हिस्सा दिला. गाडी इतकी पुढे जाऊ लागली, की क्लबाला नियमच बदलावा लागला! पुढे १९५७ साली आलेली त्याची 'लोटस सेव्हन' पाचशे किलोच्या आतली होती. तिचे सुटे भाग घेऊन ती घरीच जोडली, तर खरेदीकर वाचे. १९७३ पासून तीच गाडी 'केटरहॅम' या नावाने चालत आली आहे.

हलकेपणात एवढे काय आहे? आम्ही शाळेत मुलांना गतिज ऊर्जेचे सूत्र शिकवितो, त्यात उत्तर आहे. त्याच वेगाने जाणाऱ्या पंधराशे किलोच्या गाडीला थांबविताना ब्रेकना जेवढी ऊर्जा गिळावी लागते, तिच्या एक-तृतीयांशच पाचशे किलोच्या गाडीसाठी लागते. म्हणून टायर कमी झिजतात, ब्रेक कमी तापतात, खिशाला कात्री कमी लागते. शिवाय अशक्त इंजिनाची गाडी चालकाच्या चुका झाकत नाही. वळणावर वेग गमावला, की तो परत मिळविण्यास शक्ती नसते. तेव्हा वळण नीट घेण्यावाचून गत्यंतर नसते.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर इतिहासाशी प्रतारणा होईल. हलकेपणाच्या नादात बळकटी गमावली, तर त्याची किंमत भयंकर असते. लोटसचा चालक योकेन रिंट याने १९६९ सालीच चॅपमनला पत्र लिहून गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल तक्रार केली होती. सप्टेंबर १९७० मध्ये मोंझा येथे सरावाच्या वेळी तो प्राणास मुकला. ब्रेकचा दांडा तुटल्याने गाडी हातची गेली, असे मानले जाते. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. गाडीतून काय काढावे, याइतकेच काय कदापि काढू नये, हेही ज्ञान हवे.

आपल्या देशातही हीच कथा दुसऱ्या वेषात घडली. मद्रासजवळ शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर १९५० नंतरच्या दशकात शर्यती होऊ लागल्या. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली; ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, वजन सुमारे साडेसहाशे किलो. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी त्याच घरगुती इंजिनावर शर्यतीच्या छोट्या गाड्या बांधल्या. तो प्रकार 'फॉर्म्युला मारुती' होय. नारायण कार्तिकेयन याने आरंभीचे धडे त्यातच गिरविले, आणि २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

तेव्हा ज्याला ही हौस असेल, त्याने काय घ्यावे? ज्या गाडीवर सोमवारची नोकरी आणि मुलांची शाळा अवलंबून आहे, ती पणाला लावू नये. शर्यतीतील वा वेगचाचणीतील नुकसान नेहमीच्या विम्यात बसत नाही. दुसरी गाडी घ्यावी ती साधी, हलकी, जिचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि जी मोडली तर संसार मोडत नाही अशी. पैसे उरले, तर ते इंजिनावर न घालता ब्रेक, टायर, आसनपट्टा आणि डोक्यावरचा पोलादी पिंजरा यांवर घालावेत.

मात्र जुनी गाडी कापण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ऑस्टिन सेव्हनच्या किती चांगल्या गाड्या या हौसेत खर्ची पडल्या, याची खंत पुढच्या पिढीतील संग्राहकांना वाटली. मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ साली थांबले आहे. धडधाकट जुनी गाडी जपावी, आणि जिचे अंग गंजून गेले आहे पण इंजिनात जीव आहे, तिला मैदानावर न्यावे. म्हणजे हौसही भागेल आणि वारसाही राहील.