रेघ मारण्याआधी

कळंबमध्ये अब्बांना सगळे 'पेंटर' म्हणत. चिंतामणी मंदिराच्या वाटेवरच्या प्रसादाच्या दुकानांपासून मशिदीच्या दारापर्यंत कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या. मी एलिमेंटरीची ड्रॉइंग परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा एक गुरुजी म्हणाले, "डोकं आहे तुला, गणित कर. रेघोट्या काय मारतोस?" अब्बा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत.

चित्र हाताचं आणि गणित डोक्याचं, ही वाटणी जुनी आहे. युरोपातही चित्रकाराला कारागिरांत मोजत. सोळाव्या शतकात इटलीत वसारीने मांडलं की चित्र, शिल्प आणि वास्तू या तिन्ही कलांचं मूळ रेखाटनात आहे आणि रेखाटन बुद्धीतून जन्मतं. 1563 साली फ्लोरेन्समध्ये रेखाटनाच्या नावाने अकादमी निघाली.

हा विचार लोकांपर्यंत नेला तो रूपकचित्रांनी. रूपकचित्र म्हणजे एखाद्या कल्पनेला माणसाचं रूप देणं. मुंबईत सीएसएमटीच्या घुमटावर मशाल आणि चाक घेतलेली बाई आहे ना, ती कोणी राणी नाही, ती 'प्रगती' आहे. चेझारे रिपा याने अशा रूपांचा कोशच केला. त्यात रेखाटनाच्या एका हाती कंपास आहे, दुसऱ्या हाती आरसा. म्हणजे मोजमाप आणि कल्पना.

1778 ते 1780 या काळात अँजेलिका कौफमान या चित्रकर्तीने लंडनच्या रॉयल अकादमीच्या छतासाठी कलेची चार अंगं रंगवली. त्यातली 'रेखाटन' ही पुरातन, भंगलेल्या पुतळ्यासमोर बसून चित्र काढणारी बाई आहे. कौफमान अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी, पण बाई म्हणून नग्न मॉडेलवरून रेखाटन शिकण्याच्या वर्गात तिला प्रवेश नव्हता. तरी बुद्धीचं काम करणारी म्हणून तिने बाईच रंगवली. तिच्या चित्रांच्या छापील प्रती युरोपभर खपत. भिंतीवरची ती चित्रं पाहणाऱ्याला सांगत, की इथे हात चालतोय तो विचाराच्या मागे.

आपल्याकडे मात्र ही कल्पना अर्धीच उतरली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. देशी कारागिरी सुधारावी, हा तिचा एक मोठा हेतू. सीएसएमटीच्या दगडांवरच्या नक्षीकामात तिथल्या विद्यार्थ्यांचा हात आहे, पण घुमटावरची 'प्रगती' थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. अंधाऱ्या लेण्यांत पुसट झालेली रेघ ओळखणं हे काय नुसतं हाताचं काम होतं?

अब्बा पाटी लिहायला घेत तेव्हा आधी खडूची दोरी मारत. मग बराच वेळ कोऱ्या पत्र्याकडे बघत बसत. उर्दू लिहायचं असेल तर अलिफची उंची नुक्त्यांनी मोजत. खत्तातीत तसंच मोजतात, कलमाच्या टोकाने पडलेला ठिपका हेच तिथलं माप. मी कंटाळून विचारायचो, "अब्बा, सुरू कधी करणार?"

ते म्हणायचे, "सुरूच आहे."

त्या दिवशी गुरुजींना हे सांगायला हवं होतं. तेव्हा मलाच कळलं नव्हतं.