बासन, गवसणी आणि पाऊस

एखादा प्रस्ताव ‘बासनात गुंडाळला गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याची उपेक्षा झाली, असा अर्थ अभिप्रेत असतो. या वाक्प्रचाराने एका चांगल्या वस्तूवर अन्याय केला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. बासन म्हणजे पोथी बांधण्याचे चौकोनी कापड. सुट्या पानांची चळत, तिच्या वर-खाली लाकडी फळ्या, त्यांभोवती कापडाचे वेढे आणि शेवटी दोरीची गाठ, अशा बंदोबस्तात जे ठेवले जाई ते टाकाऊ नसे. घरातले सर्वांत जपण्याजोगे असे. दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ हे नाव पडले तेही त्याच्या कापडावरूनच.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस पुष्कळदा एक संस्कृत श्लोक आढळतो. त्यात पोथीच आपले वैरी सांगते. तेल आणि पाणी यांच्या जोडीला तिथे सैल बांधणीही येते. बांधणी सैल असली की हवेतला ओलावा पानांत शिरतो, म्हणून हा वैरी पाण्याचाच भाऊबंद समजायला हवा.

पाण्याची एवढी धास्ती का, हे कागद आणि शाई पाहिल्यावर समजते. काजळ आणि डिंक हे काळ्या शाईचे मुख्य घटक. काजळ शतकानुशतके फिके पडत नाही, परंतु त्याला कागदावर धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो. जुन्नरला किंवा दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्यात होणाऱ्या हातकागदाला खळ देऊन तो घोटीत, म्हणजे बोरू सुरळीत चाले. पण तीच खळ भिजली की पानाला पान चिकटते. उन्हात काळजीपूर्वक सोडवू गेले तरी एका पानाची अक्षरे दुसऱ्या पानावर उलटी उमटतात. संपादित ऐतिहासिक पत्रांत मधूनच टिंबांची रांग येते. तिच्यामागे कसर, वाळवी असते, तसा पाऊसही असतो. विद्यार्थी ती टिंबे ओलांडून पुढे जातात. त्यांनी तिथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते.

प्रवासात सामान कोरडे राखण्याचा जुन्या काळचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पावसात न निघणे. चातुर्मासात यती एका जागी राहत. फौजा पावसाळ्यात छावणी करून बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई. या रूढींची धार्मिक आणि लष्करी कारणे आपण शिकवितो. वाटेतला चिखल आणि भिजणारे ओझे ही कारणे मात्र फारशी कुणी सांगत नाही. ज्यांना निघावेच लागे त्यांच्यासाठी मेणकापड होते, घोंगडी होती, कोकणात बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले होते. यांपैकी घोंगडी मला विशेष चतुर वाटते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. खोळ करून डोक्यावरून घेतलेली घोंगडी पाठीवरच्या पडशीवरही येते. इरल्याचे तसे नाही. ते लावणी करणाऱ्या वाकलेल्या पाठीसाठी घडलेले आहे. काखेतल्या बोचक्याचा विचार त्यात नाही.

‘पावसात निघू नये’ या नियमाला महाराष्ट्रातला सर्वांत मोठा अपवाद वारीचा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी, एकादशीला, चातुर्मास सुरू होतो. म्हणजे जाताना निदान पंचांगाची संमती असते; परतीची वाट तर ऐन चातुर्मासातली. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर, दिवे घाटातल्या सरीत, वारकऱ्याने कोणते वाङ्मय बरोबर नेले? पोथी नव्हे. हरिपाठ आणि अभंग तो कंठात घेऊन निघाला. अभंगाचा छोटा चरण, यमक, ध्रुपद यांची चर्चा आपण गेयतेच्या अंगाने करतो. भर पावसात हात टाळांत गुंतलेले असताना नेता येणारी ही रचना आहे, हे अंगही त्या चर्चेत यायला हवे. पखवाजाचे मात्र पाठांतर करता येत नाही! त्याचे कातडे भिजले की नाद बसतो. म्हणून त्याला गवसणी. बासन आणि गवसणी ही दोन्ही आच्छादनेच. पण भाषेत एकाच्या वाट्याला उपेक्षा आली, तर दुसरी थेट आकाशाला घातली गेली.

या पार्श्वभूमीवर इंद्रायणीची कथा पुन्हा वाचावी. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. आजच्या वाचकाला यातले नवल वह्या तरंगण्यात वाटते. काजळ-डिंकाची शाई ठाऊक असलेल्या सतराव्या शतकातल्या श्रोत्याला खरे नवल अक्षरे टिकल्याचे वाटले असणार. आणि तरीही देहूला तुकोबांच्या हातची म्हणून जतन केलेल्या वहीचे नाव ‘भिजकी वही’ असे आहे. कथा कोरडेपणाची ग्वाही देते, नाव ओल विसरू देत नाही. या दोहोंचा मेळ घालण्याची घाई मी करणार नाही. परंपरेने दोन्ही सांभाळले, हेच मला महत्त्वाचे वाटते.

पुढच्या काळाविषयी थोडक्यातच लिहितो. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने रबराचा थर दिलेल्या कापडाचे पेटंट घेतले. मग आपल्याकडे पत्र्याच्या ट्रंका आल्या, होल्डॉल आले, शेवटी प्लास्टिक आले. इंग्रजी ‘टारपॉलिन’ मराठीत शिरताना ‘ताडपत्री’ झाले. डांबराशी नाते असलेल्या त्या शब्दाला आपल्या कानांनी ताडपत्राचे, म्हणजे ज्यावर ग्रंथ लिहीत त्या पानाचे, रूप दिले. लिहिण्याचे पान असे झाकण्याचे कापड होऊन बसले.

त्या ताडपत्रीवर मी एकदा विसंबलो होतो. एम.ए.नंतर एका खेड्यातल्या घरी जाऊन तिथली मोडी पोथी मी चार दिवस बसून देवनागरीत उतरून घेतली, फाउंटन पेनने. परतताना जुलैचा पाऊस होता. एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून बॅग मीच टपावर चढविली आणि ताडपत्रीचे टोक तिच्याखाली खोचले. घाटात ते केव्हा सुटले, कळले नाही. घरी येऊन बॅग उघडली तेव्हा एकसष्टपैकी चोवीस पानांवर निळे डाग तेवढे उरले होते.

पुढच्याच आठवड्यात शरमिंदा होऊन पुन्हा त्या घरी गेलो. यजमान आजोबांनी सगळे ऐकून घेतले, देवघरातून पोथी आणली आणि बासनाची गाठ न सोडताच तिच्यावरून हात फिरविला.

“हिला पावसाळ्यात दोनदा उघडायची नाही, बाळ,” ते म्हणाले. “दसरा झाला की ये.”